काखेतीच्या परसातील द्राक्षवेली

द्राक्षासव हा शब्द आपल्या घरांत काही नवा नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या उशाशी त्याची काळपट बाटली उभी असावयाची आणि जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यातून घ्यावे, अशी वैद्यबुवांची आज्ञा असावयाची, हे ज्यांनी पाहिले नाही असे वाचक विरळाच. त्यापलीकडे द्राक्षांचा रस आंबवून केलेल्या पेयाशी आपला संबंध येत नाही, आणि पुष्कळ घरांत तो येऊ नये अशीच वडीलधाऱ्यांची इच्छा असते. तेव्हा ह्या लेखाचा विषय पाहून कोणी कपाळास आठी घातली, तर तो त्यांचा अधिकारच आहे. द्राक्षमद्याची भलावण करण्याचा आमचा हेतू मात्र मुळीच नाही. आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट वेलींची आहे. एका लहानशा देशाने आपल्या शेकडो गावठी जातींच्या द्राक्षवेली हजारो वर्षे कशा जोपासल्या, एका शतकात त्या कशा गमावीत आणल्या आणि त्यांतील काही कोणाच्या हट्टामुळे वाचल्या, हे आम्ही उभयतांनी जॉर्जियात जे पाहिले व चाखले त्यावरून सांगणार आहो.

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत ह्यांच्या कुशीत वसलेला हा देश आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे. तेथील लोक त्यास साकार्त्वेलो म्हणतात. त्यांची भाषा आपल्या कोणत्याच भाषेच्या नात्यातली नव्हे. लिपीची अक्षरे ३३, आणि ती सारी वेलीच्या कोवळ्या शेंड्यांसारखी वळणावळणांची. ह्या भाषेत आईला ‘देदा’ म्हणतात, आणि ‘मामा’ म्हणजे चक्क वडील! एका घरी आमच्या यजमानांची लहान मुलगी त्यांना ‘मामा’ म्हणून हाक मारताना ऐकून आमच्या गृहलक्ष्मीला नातेसंबंध जुळवता जुळवता पुरेवाट झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी हल्ली तिबिलिसी ह्या राजधानीच्या शहरी राहतात. त्यांपैकी पुण्याकडचा एक मुलगा दुभाषी म्हणून आमच्याबरोबर आला, म्हणूनच हे कोडे सुटले.

द्राक्षांचा रस आंबविण्याची कला मनुष्यास प्रथम कोठे साधली, हा वाद जुना आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेस गादाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा अशी प्राचीन वसाहतींची दोन टेकाडे आहेत. तेथील उत्खननात सापडलेल्या मडक्यांच्या खापरांत द्राक्षरसाची खूण सांगणारे टार्टरिक आम्ल मुरलेले आढळले, असे संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. ती खापरे इसवी सनापूर्वी सुमारे ६००० ते ५८०० वर्षांच्या काळातील, म्हणजे आजपासून ८००० वर्षांपूर्वीची ठरली. द्राक्षमद्याचा ह्याहून जुना रासायनिक पुरावा तोवर उपलब्ध नव्हता.

परंतु आम्हांस ह्या प्राचीनतेपेक्षाही विलक्षण वाटली ती तेथील जातींची संख्या. जॉर्जियातील गावठी द्राक्षजातींची गणना ५२५ पर्यंत जाते. आज जगात कोठेही जा, काबर्ने, मेर्लो, शार्दोने अशी फ्रान्समधून पसरलेली तीच ती नावे बाटल्यांवर वाचावयास मिळतात. आपल्या नाशिककडे वाइनचे कारखाने निघाले, त्यांतही शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ अशा बाहेरून आणलेल्या जातींचाच भरणा अधिक. जॉर्जियात मात्र प्रांत बदलला की वेल बदलते. कार्तलीत चिनूरी व ताव्क्वेरी, इमेरेतीत त्सोलिकौरी व त्सित्स्का, राचाच्या डोंगरात अलेक्सान्द्रौली, आणि पश्चिमेकडे पूर्वी झाडांवर चढवून वाढवीत ती ओजालेशी. आपल्याकडे दर चार कोसांवर भाताची जात पालटावी आणि तिच्याबरोबर जेवणाची चवही पालटावी, तसाच हा प्रकार.

आम्ही पूर्वेकडील काखेती प्रांतात गेलो तो सुगीचा काळ होता. द्राक्षांच्या ह्या सुगीस तेथे ‘र्त्वेली’ म्हणतात. ती सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरातही चालते. शहरात नोकरीस असलेली मुले, सुना, नातवंडे ह्या दिवसांत गावी परततात. गणपतीसाठी मुंबईचा चाकरमानी जसा कोकणात धावतो, तशीच ती ओढ. तिबिलिसीहून निघून डोंगरावरच्या सिघ्नाघी ह्या गावी पोहोचलो. अठराव्या शतकात राजा एरेक्ले दुसरा ह्याने बांधविलेला तट व त्याचे बुरूज ह्या गावाभोवती अजून उभे आहेत. तटावरून खाली पाहिले तर अलाझानी नदीचे रुंद खोरे, त्यात दृष्टी पोहोचेल तेथवर द्राक्षांचे मळे, आणि पलीकडे कॉकेशसची हिमाच्छादित रांग. जवळच बोद्बे येथे संत निनोची समाधी आहे. चौथ्या शतकात ह्या देशात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या ह्या साध्वीने द्राक्षवेलीच्या दोन काड्या स्वतःच्या केसांनी बांधून क्रूस केला, अशी कथा असून तेथील क्रूसाचे आडवे हात आजही किंचित खाली झुकलेले दाखवितात.

तेलावीच्या अलीकडील एका खेड्यात आमची उतरण्याची सोय झाली होती. घराच्या कर्त्या आजीबाईंचे वय ८० च्या पुढे. आजीला तेथे ‘बेबिया’ म्हणतात. आमच्या विद्यार्थी मित्राने पहिल्याच भेटीत त्यांना बेबिया म्हणून हाक मारली आणि त्या घरचा नातू होऊन बसला. हातपाय धुऊन झाल्यावर बेबियांनी आम्हांस आधी माजघरात न नेता घरामागच्या एका गार, अंधाऱ्या खोलीत नेले. ह्या खोलीस ‘मरानी’ म्हणतात. आपल्या घरी देवघर, तशी त्यांच्या घरी मरानी. तेथे मोठ्याने बोलत नाहीत, भांडत तर नाहीतच.

खोलीत पाहण्यासारखे प्रथमदर्शनी काहीच नव्हते. जमिनीत सात गोल तोंडे तेवढी दिसत होती. प्रत्येक तोंडाखाली गळ्यापर्यंत पुरलेला, अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता होत गेलेला मातीचा प्रचंड रांजण होता. ह्यासच ‘क्वेव्री’ म्हणतात. लहानात लहान क्वेव्री २०–२५ लिटरांची असते, मोठीत काही हजार लिटर मावतात. कुंभार ती चाकावर घडवीत नाही. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवून, रोज थोडीथोडी वाढवून, कित्येक आठवडे खपून ती उभी करावी लागते. भाजून झाल्यावर ती ऊन असतानाच आतून मधमाशांचे मेण फिरवितात. एकदा जमिनीत पुरली की ती पिढ्यान्‌पिढ्या तेथून हलत नाही. ती धुण्यासाठी चेरीच्या झाडाच्या सालींच्या चकत्यांचा कुंचा लांब दांड्यास बांधलेला असतो.

रस काढण्याची रीत आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. एका अखंड ओंडक्यास पोखरून केलेल्या लांबट डोणीत द्राक्षे ओतली आणि घरातील दोघा तरुणांनी पाय स्वच्छ धुऊन ती तुडविली. रस क्वेव्रीत गेला. त्यामागून साली, बिया आणि देठसुद्धा त्यातच टाकली. काखेतीची ही खास रीत. इमेरेतीत साली थोड्याच घालतात आणि देठ घालीत नाहीत. यीस्ट वेगळे घालावे लागत नाही, कारण द्राक्षाच्या सालीवरचे आणि मरानीतील यीस्टच ते काम करते. चार-दोन दिवसांत रस उसळू लागतो, साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो आणि तो दिवसातून तीन-चार वेळा काठीने खाली दाबावा लागतो. उसळी शमली की साली आपोआप बुडतात. मग तोंडावर झाकण ठेवून ते ओल्या मातीने बंद करावयाचे आणि पाच-सहा महिने तेथे हात लावावयाचा नाही. भांडे निमुळते असल्यामुळे बिया तळाच्या टोकात जाऊन बसतात, त्यांवर गाळ साचतो आणि बियांचा कडवटपणा वरच्या रसात उतरत नाही. जमिनीच्या पोटातील गारवा हिवाळ्या-उन्हाळ्यात सारखाच राहतो, म्हणून थंडावा देणाऱ्या यंत्राची गरज नाही. मडके, मेण, माती आणि धीर, एवढ्यावरच सारा कारभार! ह्या रीतीची नोंद २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

आता चवीविषयी. संध्याकाळी बेबियांनी मागील वर्षीच्या क्वेव्रींतून काढून ठेवलेले चार प्रकार चार लहान मातीच्या वाट्यांतून आमच्यापुढे मांडले. आम्ही घोटाघोटानेच चव घेतली, परंतु चौघांचे स्वभाव भिन्न आहेत हे ओळखण्यास तेवढे पुरे झाले.

पहिली र्कात्सितेली. नावाचा अर्थ ‘तांबडी काडी’. फळ पांढरे, परंतु सालीदेठांसह मुरल्यामुळे रसास मधासारखा पिंगट रंग चढलेला. ह्या रंगास तेथे अंबराचा रंग म्हणतात. घोट घेताच सुकविलेल्या जर्दाळूची आठवण झाली आणि पाठोपाठ कडक चहासारखा तुरटपणा जिभेवर रेंगाळला. दुसरी कीसी. तिचाही रंग तोच, पण वळण मवाळ. पिकलेल्या नासपतीचा वास आणि शेवटी अक्रोडाच्या सालीचा किंचित कडसरपणा. तिसरी सापेरावी. ह्या नावाचा अर्थच ‘रंग देणारी’. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो, तिचा मात्र गरही तांबडा. वाटीत पाहिले तर शाईच भासावी. करवंदे खाल्ल्यावर ओठांची जी दशा होते, तीच आमची झाली, आणि चवही करवंदांसारखीच आंबटतुरट, भरघोस.

चौथी वाटी बेबियांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडी भरून दिली. ही खिख्वी. वास फुलांचा, रंग सोनेरी, आणि तुरटपणा असूनही तो कोठे बोचत नव्हता. ‘ही कोणत्या मळ्यातली?’ असे आम्ही विचारले. ‘मळ्यातली नाही, परसातली,’ त्या म्हणाल्या आणि कंदील घेऊन उठल्या.

घराच्या मागे, अक्रोडाच्या झाडापलीकडे, द्राक्षवेलींची एकच ओळ होती. खोडे मनगटाएवढी जाड आणि पीळ पडलेली. त्या ओळीपाशी उभे राहून बेबियांनी जे सांगितले ते आमच्या मित्राने वाक्यावाक्याने मराठीत आणले.

१९२१ साली जॉर्जिया सोव्हिएत सत्तेखाली गेला आणि पुढे जमिनी सामुदायिक व सरकारी शेतीत जमा झाल्या. सरकारी मळ्यांस हवे होते ते वजन. वर्षास अमुक इतके टन द्राक्ष, हाच हिशेब. जी जात भरघोस पिके आणि थंडीत टिके ती लावावयाची, जी थोडी पिके किंवा फार निगुती मागे ती सोडून द्यावयाची. र्कात्सितेली ह्या परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि खोरेच्या खोरे तिने भरून गेले. शेकडो जातींतून मोजक्याच जाती कारखान्यांच्या उपयोगाच्या ठरल्या आणि बाकीच्यांचे नाव घेणारेही कमी होऊ लागले. मोठाल्या कारखान्यांत मद्य पोलादी टाक्यांत होऊ लागले आणि क्वेव्री मागासपणाचे लक्षण ठरली. १९८५ साली तर गोर्बाचेव्ह सरकारने मद्यपानाविरुद्ध मोहीम काढली. तिच्या मागचा हेतू चांगला असेल, परंतु तिच्या पायी पुष्कळ मळे मुळासकट उपटले गेले.

एक गोष्ट मात्र हिशेबाबाहेर राहिली होती. घरालगतचा लहानसा तुकडा कुटुंबाच्या स्वतःच्या उपयोगासाठी ठेवण्याची मुभा होती. त्या तुकड्यात कोणी बटाटे लावी, कोणी मका. बेबियांच्या सासऱ्यांनी आपल्या वडिलांच्या हातची खिख्वी तशीच ठेवली. अधिकारी पाहणीस आला की ते म्हणत, ‘ही सावलीसाठी आहे.’ दिवसा सून आणि सासरे दोघेही सरकारी मळ्यात र्कात्सितेली तोडीत आणि संध्याकाळी घरी येऊन ह्या एका ओळीची छाटणी करीत. तिच्यातून वर्षाकाठी एक लहानशी क्वेव्री भरे. ती विकीत नसत. मुलांची बारशी, लग्ने आणि घरातील वडीलधाऱ्यांचा स्मरणदिन, एवढ्यापुरतीच ती उघडली जाई.

आम्हांस वाटते, ह्या देशाच्या वेलींचा खरा इतिहास ह्या एका ओळीत आहे. विद्वानांनी ग्रंथांत जातींची वर्णने लिहून ठेवली हे फार मोठे काम, त्याविषयी शंका नाही. पण ग्रंथातली वेल फळ देत नाही. सरकारी वहीत जिला किंमत नव्हती, ती वस्तू काही घरांनी केवळ आपल्या घरची म्हणून ठेवली. पुढे दिवस पालटले तेव्हा काड्या मागण्यास लोक अशा परसांकडेच आले.

दिवस पालटण्याची ही गोष्ट काखेतीस नवीन नव्हे, हे आम्हांस अलावेर्दी येथे कळले. ह्या मठाचे अकराव्या शतकातील उंच मंदिर खोऱ्याच्या सपाटीवर एकटेच उभे आहे. येथील संन्यासी स्वतः द्राक्षे पिकवितात आणि क्वेव्रींत मद्य करितात. पूजाविधीत त्यांना ते लागतेच. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणच्या शाह अब्बासने काखेतीवर स्वाऱ्या करून हा प्रांत उद्ध्वस्त केला आणि हजारो कुटुंबे इराणात नेऊन वसविली. त्यांचे वंशज तिकडे आजही जॉर्जियन बोलतात. काखेतीची राणी केतेवान शाहाच्या कैदेत होती. तिने धर्म सोडण्याचे नाकारले म्हणून १६२४ साली शिराझ येथे तिला हाल करून मारण्यात आले.

ह्या राणीची कथा येथून थेट आपल्या दाराशी येते. शिराझमधील ऑगस्टिन पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ साली गोव्यास आणला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा जो भग्न मनोरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, त्याच आवारात त्या अस्थी ठेविल्या होत्या. चर्च कोसळले आणि जागा विस्मृतीत गेली. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तेथे एक अस्थी सापडली आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या डी.एन.ए. तपासणीने ती केतेवानचीच असण्याच्या मतास पुष्टी मिळाली. २०२१ च्या जुलैत भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर ह्यांनी ह्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. आम्ही भारतातून आलो आहो असे कळताच मठाच्या दाराशी बसलेल्या एका वृद्धाने छातीवर हात ठेवून ‘केतेवान, गोवा’ असे दोनच शब्द उच्चारले. दुभाष्याची गरज पडली नाही.

ओसाड पडलेल्या त्या काखेतीत लोक पुन्हा वसले आणि वेलीही पुन्हा लागल्या. लढाईस जाणारा जॉर्जियन शिपाई चिलखताखाली वेलीची काडी ठेवी, म्हणजे तो पडला तरी तेथे वेल उगवेल, अशी आख्यायिका तेथे घरोघर सांगतात. तीत तथ्य किती हा प्रश्न वेगळा, परंतु काडीपासून वेल पुन्हा उभी करता येते, हा अनुभव तिच्यामागे आहे.

तोच अनुभव अलीकडेही उपयोगी पडला. १९९१ साली देश स्वतंत्र झाला तरी मद्याचे मोठे गिऱ्हाईक रशियाच राहिले. २००६ साली रशियाने जॉर्जियन वाइनची आयात बंद केली आणि ती बंदी २०१३ पर्यंत टिकली. स्वस्त, गोडसर माल एकाच बाजारास पुरविण्याची सवय लागलेल्या देशावर ते मोठेच संकट होते. दुसऱ्या देशांत गिऱ्हाईक मिळवावयाचे तर दुसऱ्यापाशी नाही असे काही दाखविणे भाग होते, आणि ते होते परसात व मरानीत. गावठी जाती आणि क्वेव्री ह्यांस पुन्हा मान आला. तिबिलिसीजवळ जिघाऊरा येथे सरकारी रोपवाटिका आहे. तेथे ४०० हून अधिक देशी जाती एकत्र लावल्या असून कीड न बाधणाऱ्या खुंटांवर त्यांचे डोळे भरून शेतकऱ्यांस रोपे देतात.

तेव्हा सारे गोड झाले, असे म्हणून लेख संपविता आला असता. पण बेबियांच्या घरी शेवटच्या रात्री जे कानी पडले त्यावरून तसे म्हणवत नाही. निरोपाची मेजवानी होती. तिला ‘सुप्रा’ म्हणतात. आम्ही शाकाहारी म्हणून बेबियांनी अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी, मडक्यात शिजविलेला राजमा, चीज भरलेली खाचापुरी आणि तंदुरासारख्या भट्टीतली ऊन रोटी असा बेत केला होता. द्राक्षरसाच्या खिरीत बुडवून वाळविलेली अक्रोडांची माळ, म्हणजे चुर्चखेला, मुलांसाठी बांधूनही दिली. सुप्रात मनास येईल तेव्हा प्याला उचलता येत नाही. ‘तामादा’ म्हणून नेमलेला वडीलधारा आधी शांततेसाठी, मग आईबापांसाठी, मग गेलेल्यांसाठी, मग मुलांसाठी असे क्रमाने दोन शब्द बोलतो, आणि त्यानंतरच सर्वांनी ‘गौमार्जोस’ म्हणावयाचे. मद्याहून मर्यादेचाच मान अधिक, असे आम्हांस दिसले.

तामादाचे काम बेबियांचा थोरला नातू करीत होता. तो शहरात नोकरी करितो. जेवणाच्या ओघात त्याने सांगितले की, परसातली खिख्वी काढून तेथे सापेरावी लावण्याचा त्याचा विचार आहे. सापेरावीस परदेशात मागणी आहे, पैसा होतो, आणि खिख्वीचे पीक थोडे, कष्ट फार. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वी सरकारच्या वजनकाट्याने जे केले तेच आता बाजाराची मागणी करू शकते, एवढाच त्याचा अर्थ. गावठी म्हणून ज्या जातींचे कौतुक होते त्यांतही एकदोनच लाडक्या ठरल्या, तर बाकीच्यांचे दिवस पुन्हा फिरणारच.

बेबियांनी रागावून काही म्हटले नाही. हातातली रोटी मोडता मोडता त्या म्हणाल्या, ‘विकायचे ते मळ्यात लाव. घरच्यांना वाढायचे ते परसात राहू दे.’ नातू हसला. होय-नाही काहीच न बोलता त्याने चौथी वाटी भरली आणि मुलांच्या नावाने ती उचलली.

ती ओळ पुढील वर्षी तेथे असेल की नाही, हे ह्या छाटणीत ठरेल. इतक्या शतकांच्या विद्येचे भवितव्य असे एकेका घरातील म्हाताऱ्या-तरुणांच्या बोलण्यावर टांगलेले असते. युनेस्कोची नोंद, रोपवाटिका, ग्रंथ ह्या सर्वांचे साह्य मोठे आहे, परंतु घरच्या ताटात त्या वस्तूची जागा राहिली तरच ती वस्तू राहते. आम्ही निघालो तेव्हा बेबियांनी आमच्या हाती बाटली दिली नाही. परसातील ओळीची दोन पाने खुडून दिली आणि ती वहीत जपून ठेवावयास सांगितले. ती आमच्यापाशी आहेत.